मे मधेच पाऊस, खोल्या रिकाम्या. हे चक्र आहे की कायमचंच?

देवबागचा_होमस्टे: आमच्या चार खोल्या आहेत देवबागला, आई आणि बायको जेवणाचं बघतात, मी बोट आणि बुकिंग. २०२५ च्या मे मधे वीस तारखेच्या आसपास पाऊस लागला तो थांबलाच नाही, २५ ला मान्सून देवगडपर्यंत आणि २६ ला मुंबईत, तिथे एवढ्या लवकर कधीच पोचला नव्हता म्हणे. मे चे शेवटचे दिवस म्हणजे आमची खरी कमाई, आगोटीचं, म्हणजे पावसाळ्यासाठीचं सामान त्यातूनच भरतो. सगळे ॲडव्हान्स परत करावे लागले. आता कर्ज काढून समुद्राच्या बाजूला अजून दोन खोल्या बांधायचं चाललंय. काका म्हणतात निसर्गाचं चक्र आहे, चार वर्षांत सगळं जाग्यावर येईल. मुलगी बारावीला आहे, ती म्हणते हवामानातला हा बदल माणसानेच केलाय आणि तो आपोआप मागे फिरणार नाही. कर्ज पंधरा वर्षांचं आहे हो, म्हणून विचारतोय, खरं कोणाचं?

भूगोल_शिकवते: दादा, मुलीचं बरोबर आहे. पृथ्वी सूर्यामुळे तापत असती तर वातावरणाचा वरचा थर पण तापला असता, तो उलट थंड होतोय आणि खालचा तापतोय. शिवाय १९७८ पासून सॅटेलाइटने सूर्याची उष्णता मोजतायत, ती वाढत गेलेली नाही. उष्णता धरून ठेवणारा हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखाने यायच्या आधी दहा लाखात २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय, आणि ही वाढ कोळसा-तेल जाळल्याने झालीय हे त्या कार्बनच्या प्रकारावरूनच कळतं. फक्त एक सांगते, २०२५ चा तो एक पाऊस पूर्ण याच खात्यावर टाकू नका, मान्सून लवकर-उशिरा यायला इतरही कारणं असतात.

घाटमाथा: पण हिमयुगं आली नि गेली तेव्हा कुठे गाड्या होत्या? मी मुद्दाम वाद घालत नाहीये, हे खरंच कोणी नीट समजावलं नाही मला.

भूगोल_शिकवते: प्रश्न योग्य आहे. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल हळूहळू बदलतो, त्याने हिमयुगं येतात जातात, पण त्याला हजारो वर्षं लागतात. आत्ताचा बदल दीडशे वर्षांतला आहे. काकांना ही वेळेची गोष्ट सांगा, चक्र असतं हे त्यांचं चूक नाहीच, पण ते चक्र हे नव्हे.

पोफळीची_वाडी: मी दिवेआगरचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, आमच्या वाडीत उभ्या राहिलेल्या पोफळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. लोक आमच्याकडे त्या सावलीसाठी यायचे, समुद्र काय सगळीकडेच आहे. नवीन लावलेली पोफळ धरायला सहा-सात वर्षं, तोवर उन्हात तापलेल्या अंगणात कोण राहायला येणार? पुढच्याच मे ला तौक्ते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या संशोधकांनी काढलंय की १९८२ ते २००० च्या मानाने २००१ ते २०१९ मधे अरबी समुद्रात चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, पाणी तापलंय ना. दादा हात जोडून सांगतो समुद्राच्या बाजूला बांधू नका. देवबाग मी पाहिलंय, एकीकडे कर्ली नदी एकीकडे समुद्र, मधे चिंचोळी पट्टी, दगडी बंधारा घालून पण किनारा खातोच आहे. जी सुरूची झाडं उरलीत ती तोडू नका, वाळू तीच धरून ठेवतात.

पुण्याहून_दरवर्षी: आम्ही येणारे पण यात आहोतच, जगातल्या एकूण उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा सुमारे ८ टक्के आहे, त्यात विमानं आणि गाड्या मोठ्या. आम्ही यंदापासून ट्रेनने कुडाळला उतरतो. आणि खरं सांगू का, मे मधे आम्हालाच उकाडा सोसत नाही आता, डिसेंबर-जानेवारीला यायला केव्हाही आवडेल, शाळेच्या सुट्टीत बसवावं लागतं एवढंच.

देवबागचा_होमस्टे: सगळ्यांचे आभार. काल रात्री आई, काका, मुलगी सगळ्यांना वाचून दाखवलं. काका वेळेच्या गोष्टीवर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले मी लहान होतो तेव्हा वाळू त्या पडक्या विहिरीच्या पण पुढे होती, आज विहीर पाण्यात आहे. समुद्राच्या बाजूचं बांधकाम रद्द. मागे माडांमधे एकच खोली बांधतोय, कर्ज निम्म्यावर आलं. दिवेआगरच्या दादा, वादळानंतर वाऱ्याच्या बाजूला तुम्ही काय लावलंत आणि किती अंतरावर, तेवढं सांगा, जून लागायच्या आत खड्डे काढून ठेवतो.