टोपी चढवली की शिक्का मारला?

प्रश्न

आमच्या नाट्यवाचनाच्या गटासाठी चिनी नाटककार आणि चित्रपट दिग्दर्शक वू झूग्वांग (१९१७–२००३) यांच्यावर टिपण लिहिते आहे. १९५७ साली त्यांना 'उजव्याची टोपी' घातली, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीचे विरोधक ठरवलं, असं वाचलं. मराठीत 'टोपी घातली' लिहिलं तर त्यांना कुणीतरी गंडवलं असं वाटेल. 'शिक्का मारला' चालेल का? आणि नंतर त्यांचं 'पुनर्वसन' झालं, हे बरोबर आहे का?

प्रतिसाद

ताई, 'शिक्का' सोपा आहे, पण तो घेऊ नका. चिनीत 'दाय माओझ' म्हणजे टोपी चढवणं आणि 'झाय माओ' म्हणजे टोपी उतरवणं. ही टोपी वरून चढते आणि वरूनच उतरते, ज्याचं डोकं आहे त्याच्या हातात काहीच नसतं. शिक्का एकदा उमटला की उमटला, तो कुणी काढून ठेवत नाही. आणि टोपी उतरली तरी माणूस सुटत नसे. अशांना 'टोपी उतरलेला उजवा' म्हणत, म्हणजे 'उजवा' तसाच राहिला. ही क्रूरता मराठीत यायची तर टोपीच हवी. फक्त 'घातली' ऐवजी 'डोक्यावर चढवली' लिहा, फसवणुकीचा अर्थ जवळ येणार नाही.

एक अडचण आहे. जुन्या रीतीत आपल्याकडे बोडक्या डोक्यानं बाहेर पडणं कमीपणाचं. तिकडे मात्र टोपी उतरणं ही सुटका. एक वाक्य खर्चून हे सांगाच.

प्रतिसाद

दादांच्या म्हणण्यात भर घालते. ही टोपी नुसती बोलण्यातली नव्हती. १९२७ च्या हूनानमधल्या शेतकरी चळवळीवरच्या अहवालात माओंनी जमीनदारांच्या डोक्यावर कागदाच्या उंच टोप्या चढवून त्यांना गावभर फिरवल्याचं वर्णन केलं आहे. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, धिंड. पण चिनीत 'उंच टोपी चढवणं' याचा दुसरा अर्थ खोटी स्तुती करणं, म्हणजे आपलं हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. संदर्भ पाहूनच अर्थ लावावा लागतो.

प्रश्नकर्ती

आणि 'उजवा'? आपल्याकडे 'उजवा ठरला' म्हणजे सरस ठरला!

प्रतिसाद

म्हणून पहिल्यांदा 'उजव्या विचारांचा' लिहा, मग नुसतं 'उजवा' चालेल. खरं तर वू उजव्या विचारांचे नव्हतेच. १९४५ मध्ये चोंगचिंगच्या एका सायंदैनिकात माओंची बर्फावरची कविता पहिल्यांदा छापली ती याच माणसानं, पुरवणीचे संपादक म्हणून. त्यांचं 'हिमरात्री घरी परतणारा' हे १९४२ चं नाटक स्त्रीभूमिका करणाऱ्या नटावर आहे, आणि त्यावर बंदी घातली ती तेव्हा सत्तेवर असलेल्या, कम्युनिस्टांच्या विरोधी कुओमिन्तांग पक्षानं. १९४९ मध्ये हाँगकाँग सोडून ते बीजिंगला आले, पुढे स्त्रीभूमिकांसाठी गाजलेले नट मेई लानफांग यांची रंगमंचकला चित्रपटात उतरवली. १९५७ मध्ये बोला, मोकळं बोला, असं कम्युनिस्ट पक्षानं सांगितलं आणि ते बोलले. चू युआन, ली बाय, दू फू या जुन्या कवींचं नेतृत्व कुणी केलं होतं, असं त्यांनी विचारलं. तेवढ्यावरून टोपी! पुढं १९५८ मध्ये ईशान्येच्या ओसाड, गोठलेल्या पट्ट्यात मजुरीला पाठवलं.

नाट्यक्षेत्रातून त्यांच्यावर टीकेची झोड उठवण्यात पुढे होते त्यान हान, आजच्या राष्ट्रगीताचे कवी. सांस्कृतिक क्रांतीत तेही पकडले गेले आणि १९६८ मध्ये कैदेतच वारले. हे टिपणात आलंच पाहिजे, असं मला वाटतं.

'पुनर्वसन' मात्र काढून टाका. मराठीत हा शब्द धरणग्रस्तांचा आहे. वसलेलं गाव उठतं आणि नव्या जागी पुन्हा वसतं. चिनीत इथे दोन शब्द आहेत. 'पिंगफान' म्हणजे निकालच फिरवून निर्दोष ठरवणं. पण उजव्यांच्या बाबतीत सरकारनं वापरला तो 'गायझंग', म्हणजे दुरुस्ती. उजव्यांविरुद्धची मोहीम योग्यच होती, तिची व्याप्ती फार वाढली, इतकंच मान्य केलं. साडेपाच लाखांवर माणसांना टोप्या चढल्या होत्या, आणि त्यावर शब्द काय, तर दुरुस्ती. तुम्हीही 'दुरुस्ती'च लिहा, मऊ करू नका. १९८७ मध्ये त्याच वू यांना कम्युनिस्ट पक्ष सोडायला सांगण्यात आलं.

प्रश्नकर्ती

आणखी एक. त्यांची पत्नी शिन फंगश्या, पिंगजू संगीत नाटकातली नामवंत नटी. घटस्फोट घे म्हणून दबाव आला तेव्हा ती म्हणाली की नाटकातल्या वांग बाओच्वाननं नवऱ्यासाठी अठरा वर्षं काढली, मी अठ्ठावीस काढीन. 'थांबेन' लिहू की 'वाट पाहीन'?

प्रतिसाद

'वाट पाहीन'. 'थांबेन' म्हटलं की काम सोडून दाराशी उभी राहिल्यासारखं वाटतं. ती तर रंगमंचावर उभी राहत होती आणि घरी मुलं सांभाळत होती.