शब्दचर्चा : ध्वनिफाइलचे ‘रूपांतर’ होते का?

वेव्ह फाइलची (आवाज न दाबता जसाच्या तसा साठवणारी) एमपीथ्री (आवाज कमी जागेत मावणारी) करणे या क्रियेला मराठीत काय म्हणावे, रूपांतर, रूपांतरण, परिवर्तन की सरळ ‘कन्व्हर्ट करणे’, असा प्रश्न फोंड्याच्या एका वाचकाने विचारला आहे. रूपांतर आणि रूपांतरण यांत मला अर्थाचा फरक दिसत नाही; दुसऱ्या शब्दात क्रियेवर थोडा अधिक भर आहे, इतकेच. परिवर्तन हा शब्द माणसाच्या आणि समाजाच्या बाबतीत रुळलेला असल्यामुळे तो येथे ओढून आणू नये. अडचण आहे ती रूपांतर या शब्दाचीच, आणि ती माझ्या लक्षात आली ती एका जुन्या संगणकामुळे.

आमच्या गावच्या देवळातील भजनांच्या वीसेक ध्वनिफिती घरी होत्या. गोव्याच्या पावसाळ्यात फितींना बुरशी धरते, म्हणून त्या संगणकावर उतरवून घ्यायचे मी ठरवले. संगणक पेन्टियम थ्री, विंडोज ९८ आणि १० जीबीची हार्ड डिस्क, असा होता. सीडीच्या दर्जाने, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या, या हिशेबाने मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात. साठ मिनिटांच्या एका फितीला ६०० एमबींहून अधिक. डझनभर फितींतच डिस्क भरली. मग मी सगळ्या फाइलींच्या ६४ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट जागा घेणाऱ्या, एमपीथ्री केल्या आणि जागेच्या लोभाने मूळ वेव्ह फाइली पुसून टाकल्या. एक फीत आता ३० एमबींच्या आत मावत होती. पखवाज, पेटी, अभंगाचे शब्द ठीक ऐकू येत होते, पण टाळ गेला होता. त्याचा कडक, मोकळा नाद पाण्याखाली खुळखुळा हलवल्यासारखा वाटू लागला. पुढे घरातल्या जुन्या सीडी प्लेअरसाठी त्याच एमपीथ्रीची पुन्हा वेव्ह केली, तेव्हा फाइल फुगून पूर्वीएवढी झाली, टाळ मात्र परतला नाही.

आता शब्दाकडे येऊ. या समासात ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरे’: दुसरे रूप ते रूपांतर, दुसरी लिपी ते लिप्यंतर, दुसरे स्थळ ते स्थलांतर. रूप पालटले तरी वस्तू तीच राहिली, हे त्यात गृहीत असते. वेव्हची फ्लॅक, म्हणजे काहीही न वगळता जागा वाचवणारी फाइल, केली तर हे गृहीत शंभर टक्के खरे ठरते. फाइल बहुधा निम्म्याच्या आसपास येते आणि उलट फिरवली की मूळ नमुने जसेच्या तसे मिळतात. रोमीत लिहिलेली कोंकणी देवनागरीत आणण्याचे काम गोव्यात ज्यांनी केले आहे त्यांना हे लगेच उमगेल: लिपी बदलली, वाक्य तेच. एमपीथ्रीचे तसे नाही. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज कानाला जाणवणार नाही, असे मानून ती पद्धत तो भाग ढोबळपणे नोंदवते किंवा वगळते, आणि जागा जितकी कमी द्याल तितकी ही कात्री खोल जाते. वगळलेले पुन्हा मिळत नाही.

माझे एक नाट्यप्रेमी स्नेही यावर म्हणाले की कथेचे नाट्यरूपांतर होते तेव्हा तरी सगळे कुठे टिकते? हा आक्षेप मला मान्य करावा लागला. रूपांतरातही वगळणे असतेच, म्हणून तो शब्द दोन्ही क्रियांसाठी राहू द्यावा. पण जोडीला एक विशेषण हवे. ‘क्षययुक्त’ नको, त्याला दवाखान्याचा वास येतो. ‘संपीडन’ही अपुरे आहे, कारण दाबलेली कापसाची गाठ सोडली की कापूस पुन्हा फुलतो.

माझी सूचना सोनाराच्या पेढीवरची आहे. दागिना मोडून नवा करताना सोनार ‘घट’ धरतो, आणि दर वेळी आटवताना ती नव्याने येते. एमपीथ्रीची डब्ल्यूएमए (अशीच काटछाट करणारी मायक्रोसॉफ्टची पद्धत) आणि तिची पुन्हा एमपीथ्री केली की हेच घडते. म्हणून ‘घटीचे रूपांतर’ आणि ‘बिनघटीचे रूपांतर’ असे म्हणावे. घट म्हटल्यावर कोणाला घटस्थापना आठवेल, पण तो घट पुल्लिंगी, ही घट स्त्रीलिंगी. वाक्यात गोंधळ होत नाही.

फॉरमॅटला ‘प्रारूप’ म्हणू नये, तो मसुदा आहे. ‘स्वरूप’ चालेल, फॉरमॅटही चालेल. लेखनाबाबत एवढेच, की सुटा शब्द ‘ध्वनी’ दीर्घ, पण समासात ‘ध्वनिफीत’, ‘ध्वनिफाइल’ असा ऱ्हस्व.

नंतर मी उरलेल्या फिती नव्याने उतरवून फ्लॅकमध्ये ठेवल्या आणि फोल्डरांच्या नावांत ‘बिनघट’ असे लिहिले. ज्या दोन फिती दरम्यान बुरशीने गेल्या, त्यांच्या फोल्डरांवर ‘एकदा घट, मूळ नाही’ अशी नोंद आहे.