‘आधी सेटल व्हा, मग लग्न’: हा सल्ला कोणत्या काळातला?

पाचपावलीकर: आमच्या गल्लीतला पोट्टा हिंगणा एमआयडीसीत ठेकेदाराकडे बारा-बारा तास राबतो. त्याची मैत्रीण पोलीस भरतीसाठी पहाटे रेशीमबागच्या मैदानावर धावते. दोन्ही घरचं म्हणणं एकच, आधी सेटल व्हा. पटत नाही बुवा. हा सल्ला आपल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या, त्या जुन्या कापड गिरणीच्या काळातला. बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी लागणारा, एकदा पर्मनंट झाला की पीएफ, ग्रॅच्युइटी ठरलेली. 2002 मध्ये मिल बंद पडली, आता तिथे मॉल आहे. ठेकेदारीत कोण सेटल होतो? कोर्ट मॅरेज करावं, खोली घ्यावी, दोघांनी मिळून लढावं.

टिमकीची ताई: मिळून म्हणजे काय हो भाऊ? पाणी कोण भरणार, डबा कोण करणार? वरून ‘गोड बातमी कधी’ सुरू. मैदानी चाचणी 50 मार्कांची, त्यात पोरींना 800 मीटरचेच 20. दिवस गेले तर पळणार कशी? त्याची नोकरी चालूच राहील, भरती जाईल ती तिची.

नाईट शिफ्ट: हाव ना ताई, पण थांबून तरी काय भेटते? 2019 ची भरती कोरोनात लटकली, लेखी झाली 2021 मध्ये. तोवर पोट्टे-पोट्ट्या नुसते धावूनच राहिले. तवा एकमेकाचाच आधार होता.

टिमकीची ताई: आधाराला मंगळसूत्र कशाला? फुटाळा तलावावर बसा ना गप्पा मारत!

पाचपावलीकर: तिला स्थळं येऊन राहिली ना. घरचे थांबले असते तर हा विषयच काढला नसता.

जुना गिरणीवाला: तुमचा एम्प्रेसचा काळ फार गोड दिसतो. पर्मनंट माणसाच्या घरीही बाया विड्या वळतच होत्या. त्यातल्या किती जणी पुढे शिकल्या? आणि कोर्ट मॅरेजला 30 दिवसांची नोटीस लागते. तेवढ्यात सगळ्या मोहल्ल्यात बोंब.

पाचपावलीकर: होऊ द्या. जातीही वेगळ्या आहेत, एक अनुसूचित, दुसरी खुली. आंतरजातीय लग्नाला शासनाचे 50 हजार आहेत. खोलीचं डिपॉझिट निघेल.

टिमकीची ताई: ते लग्न झाल्यावर, अर्ज मंजूर झाल्यावर. घरमालक डिपॉझिट आधी मागतो.