मदत हवी आहे: गोव्यात वाळपईजवळच्या भाटातली (बागायतीतली) काटेरी झुडपं ओळखायची आहेत

नमस्कार मंडळी. मामांनी सोडलेलं भाट यंदा माझ्याकडे आलं. दहा-बारा वर्षं तिथे कोयता फिरलेला नाही. रानमोडीचं तण उपटलं आणि घाणेरी काढली (तिचा चौकोनी दांडा नि तो वास, ओळख पटायला वेळ लागत नाही), तेव्हा गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला दोन प्रकारची जाळी उरली.

पहिलीचं पान तोडलं की पांढरा चीक बोटाला चिकटतो, काटे सरळ, जोडीने. हे करवंद, यात शंका नाही. दुसरीचे काटे मागे वळलेले, सदरा धरला की सोडत नाहीत. पानाला बुडापासून निघणाऱ्या तीन ठळक शिरा, खालची बाजू लवदार, मळकट. मला वाटतं तोरण, म्हणजे आमची चुन्नां. आई म्हणते, तिच्या लहानपणी इथली पांढरी चुन्नां ओंजळीने खायचे. चीक नाहीच. बरोबर ओळखलंय का?

खरा प्रश्न छाटणीचा. दोन्हींत निम्म्याहून जास्त फांद्या वाळलेल्या, जिवंत त्या एकमेकींत गुंतलेल्या. महाबळेश्वरचा मित्र म्हणतो, रासबेरीची काठी दुसऱ्या वर्षी फळते आणि मरते, म्हणून जुनी बुडातून काढायची. पण करवंदाला हा नियम कसा लावायचा? ते तर वर्षानुवर्षं टिकणारं झुडूप.

वाळकं आत्ताच काढतो. हिरव्याला मात्र हात लावायची भीती वाटते, कारण फुलं थोड्याच महिन्यांत येतील. एप्रिल-मेची फळं घेऊन पावसाच्या तोंडावर छाटू का? कोणी जुनी जाळी अशी परत फळवली असेल तर किती उंचीवर कापली, तेवढं सांगा.