मदत हवी आहे: एकाच कढईत अळणी आणि झणझणीत कसं जमवायचं?
मला अ‍ॅसिड रिफ्लक्स आहे (पोटातलं आंबट वर घशाशी येतं). नवरा कोल्हापूरचा, कांदा-लसूण मसाल्याशिवाय त्याचा घास उतरत नाही. डॉक्टरांची गोळी नाश्त्याआधी घेते, पलंगाची उशाकडची बाजूही उंच केली आहे. पण दोघंही उशिरा घरी येतो, त्यामुळे दोन भाज्या करणं किंवा लवकर जेवणं जमत नाही.

माझी वाटी आधी काढून उरलेल्यात त्याच्यासाठी वरून तिखटाची फोडणी घालून पाहिली. आमटीला चालून गेलं. वांग्याच्या रश्श्यात मात्र मसाला मुरतच नाही, तेल वर तरंगतं आणि चव कच्चट (तो बोलत नाही, गुपचूप ठेचा काढतो!). मला टोमॅटो, चिंच, कच्चा कांदा त्रास देतात. दुधी, मूगडाळ, थोडं ओलं खोबरं चालतं.

मसाला वेगळा परतून शेवटी मिसळायचा तर तो किती परतावा आणि नंतर रस्सा किती वेळ उकळावा?