भीती वाटत असताना देवावर भरवसा टाकून घेतलेला निर्णय: तुमचे अनुभव सांगा

काल लेकाचा फोन आला. न झालेल्या कामाच्या रिपोर्टवर सही कर म्हणतायत त्याला ऑफिसात. "आई, नाही म्हटलं आणि काढून टाकलं तर?" मला एकदम माझं ते स्टॉक रजिस्टर आठवलं. मी तेव्हा अकाउंट्सला होते, गोदामात नसलेला माल आहे असं दाखवायचं होतं. घराचे हप्ते चालू, हा मांडीवर. रजिस्टर उघडून पुढ्यात ठेवलेलं, सही करायच्या जागी पेन्सिलीने बारीकशी फुली. पोटात नुसता गोळा आलेला. बायबलात स्तोत्र 56 मध्ये दावीद म्हणतो ना, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. भीती वाटतच नाही असं नाही म्हणत तो, शत्रूंनी, पलिष्ट्यांनी, त्यांच्या गथ शहरात धरलेला माणूस. तेवढंच मनात म्हटलं आणि रजिस्टर मिटून परत दिलं. नोकरी गेली. पुढचे कितीतरी महिने ओढाताणीत काढले, चमत्कार वगैरे काही झाला नाही, पण रात्री झोप लागायची. तुमचेही अनुभव लिहा, त्याला वाचायला देणार आहे.

रानपाखरू: ताई काटा आला अंगावर. आमचं किडनीचं. धाकट्या भावाला माझीच जुळत होती, टेस्ट सगळ्या नीट, डॉक्टरांनी बसवून धोके समजावले, सासूबाई रडून रडून हैराण, आणि संमतीपत्रावर सही करायच्या वेळी माझी बोटंच हलेनात. तर भाऊच म्हणाला, तायडे घाबरून हो म्हणू नकोस आणि घाबरून नाहीपण म्हणू नकोस, रात्री प्रार्थना कर, उद्या सांग. येशूला धरून नेलं त्या रात्रीचा गेथशेमाने बागेतला भाग वाचत बसले, प्रभू स्वतः किती व्याकूळ झाला होता, हा प्याला टळो म्हणाला आणि तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. सकाळी सही केली. भीती ऑपरेशन थिएटरमध्ये नेईपर्यंत होतीच 🙏 दोघं ठणठणीत आहोत, तो म्हणतो तुझी किडनी आल्यापासून मीपण भांडखोर झालो 😄

शुभ्रकमळ: आमेन 🙏 लेकासाठी प्रार्थना करते

तिसरा मजला: जरा वेगळं लिहितो, राग मानू नका. ओळखीतल्या एकांनी देव बरं करील म्हणून इन्सुलिन बंद केलं, शेवटी अ‍ॅडमिट करावं लागलं. ह्याला भरवसा नाही म्हणत. मंदिराच्या टोकावरून उडी टाक म्हणताना सैतानानेही वचनच पुढे केलं होतं, स्तोत्र 91 मधलं, तर येशू म्हणाला देवाची परीक्षा पाहू नकोस. यरुशलेमेची भिंत बांधताना शत्रू चालून येणार कळल्यावर नहेम्याने प्रार्थना केली आणि पहारेही बसवले. प्रेषित पौलाच्या जिवावर लोक उठले तेव्हा त्याला दिमिष्कात टोपलीत घालून भिंतीवरून खाली सोडलं, तो पळाला म्हणून भित्रा ठरत नाही.

रानपाखरू: अगदी. टेस्टचं म्हणूनच लिहिलं मी.

उंबरठा: पण ओळखायचं कसं हो, भीती बोलतेय की शहाणपण? बदलीची ऑफर आहे, बाबा इथे एकटे, रोज मन फिरतं. गिदोनासारखी लोकर ठेवून देवाकडे खूण मागून बघावं असं वाटायला लागलंय

निळी शाई: शास्ते 6. पण गिदोनाला काय करायचं ते देवाने आधीच सांगितलेलं होतं, लोकर नंतरची. मी एक बघते, भीती आत्ताच्या आत्ता ठरव म्हणून मागे लागते. शौल राजाचं तेच झालं, 1 शमुवेल 13. संदेष्टा शमुवेलाची सात दिवस वाट पाहिली, लोक पांगायला लागले तसा धीर सुटला, शमुवेलाने करायचं होमार्पण स्वतःच केलं. आणि ते उरकतंय तोच शमुवेल हजर. बाबांशी बोललात का?

उंबरठा: नाही अजून. त्यांना काय वाटेल म्हणून राहिलंय

निळी शाई: मग आधी ते.

नाव नको: आम्ही दत्तक घेतलं त्या बाळाला हृदयाचा आजार होता, आधीच सांगितलं होतं. घरचे सगळे नको म्हणत होते. आणलं. थोडीच वर्षं राहिला. दानीएल 3 मध्ये राजाच्या मूर्तीला नमन करा नाहीतर भट्टीत टाकू अशी धमकी दिल्यावर ते तिघं म्हणतात ना, देव आम्हाला भट्टीतून सोडवील, आणि नाही सोडवलं तरी मूर्तीपुढे वाकणार नाही. आमच्या वाट्याला ते 'नाही तरी' आलं. पुन्हा विचारलंत तर पुन्हा त्यालाच आणीन. माझं नाव उच्चारता यायचं नाही त्याला, 'आ' म्हणायचा नुसतं.

धागाकर्ती: काय लिहू गं. जवळ असते तर नुसती बसले असते तुझ्यापाशी.

शुभ्रकमळ: ❤️

पुस्तकवाला: लेकाला डीट्रिख बोनहोफरबद्दल वाचायला सांगा. जर्मन पाळक, 1939 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचला, हिटलरपासून लांब, मित्रांनी सगळी सोय केलेली. त्याला चैनच पडेना. माझ्या लोकांच्या संकटात मी नसेन तर युद्धानंतर कुठल्या तोंडाने जाऊ, असं वाटून जुलैत परत फिरला. 9 एप्रिल 1945 ला फ्लोसेनबुर्गच्या छावणीत फाशी दिली त्याला.

तिसरा मजला: हे माहीत नव्हतं, धन्यवाद.

मोगरा: विषय सोडून विचारते, सासऱ्यांना बारीक अक्षर दिसत नाही आता, बायबलचं चांगलं अ‍ॅप कुठलं?

पुस्तकवाला: कुठलंही घ्या, सेटिंगमध्ये अक्षर मोठं होतं. ऑडिओ असेल तर तोच लावून द्या.

मोगरा: ऑडिओ बरा पडेल, हेडफोन मात्र घालत नाहीत ते, आख्ख्या घराला ऐकावं लागेल 😄