अनुभव धागा: चुन्याचा वास आणि 'नाहीशी झालेली' माया माणसं

नदीकाठची
घराला रंग काढलाय. आज सकाळी रंगाऱ्याने पिंपात चुना भिजत घातला आणि तो वास आला मात्र, मी हातातली कढई खाली ठेवून खुर्चीत बसले. २०१२ सालचं शेला आठवलं, मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशातलं शहर. नकाशावर केत्साल्तेनांगो, पण ग्वाटेमालात ते लांबलचक नाव फारसं कुणी घेत नाही. किचे, म्हणजे तिथल्या माया लोकांपैकी एक समाज, त्यांच्या भाषेतल्या शेलाहूवरून सगळे शेलाच म्हणतात. सप्टेंबर ते डिसेंबर स्पॅनिश शिकायला गेले होते, मुक्काम एका किचे कुटुंबात.

त्या घरात संध्याकाळी मोठ्या पातेल्यात मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा आणि रात्रभर तसाच मुरायचा. पहाटे आजी तो 'पिला'वर चोळून चोळून धुवायच्या. पिला म्हणजे सिमेंटचा तीन कप्प्यांचा हौद, मधल्यात साठवणीचं पाणी, बाजूच्या दोन्हींत धुणं-भांडी. सालं सुटून बोटांवर पिवळट, बुळबुळीत थर बसायचा. मग टोपली घेऊन गिरणीत. ओलं दळण! पिठाऐवजी मळलेल्या कणकेसारखा गोळाच बाहेर येतो. रांगेतल्या बायका आपसात किचेत बोलायच्या, मी दिसले की स्पॅनिशवर यायच्या, आणि माझं स्पॅनिश ऐकलं की हसत पुन्हा किचेवर.

परत आल्यावर जो तो विचारायचा, 'ते माया लोक नाहीसे कसे झाले गं?' अहो, मी त्यांच्याच घरी जेवत होते! ग्वाटेमालात आजही २२ माया भाषांना कायद्याची मान्यता आहे.

तिकडे कुणी राहिलं असेल, गेलं असेल तर लिहा. पिरॅमिड नकोत, रोजचं लिहा.

दुपारचीझोप
थोडक्यात, तुला त्यांनी चार महिने चुना लावला. (पळतो)

डॉ_निवृत्त
चुन्याला हसू नका. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं की नुसता मका खाऊन ते अंगी लागत नाही. चुन्याने ते सुटतं. मका युरोपात पोचला, चुना मागे राहिला आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिन कमी पडल्याने होणारा आजार, झाला. आम्हाला शिकवताना दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्यांचा पेलाग्राही हटकून यायचा, पण त्याचं कारण वेगळं. गुडघा ठणकतोय, बाकी नंतर.

वाशीचा_दाणा
मसाल्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे ग्वाटेमाला म्हटलं की आम्हाला वेलदोडाच दिसतो. कोबानला दोनदा गेलोय, आल्ता वेरापास भागात. सारखा पाऊस, बूट वाळतच नाहीत. १९१४ च्या सुमाराला एका जर्मन मळेवाल्याने तिथे वेलदोडा नेला, आणि आज निर्यातीत आपल्याला कधीच मागे टाकलंय. पिकवणारे बहुतेक केक्ची माया, माल जातो अरबांच्या कॉफीत. पिकवणाऱ्यांच्या घरात मात्र दाणा सापडायचा नाही. एका शेतकऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, 'खरं सांगा, तुम्ही लोक याचं करता काय?' मी त्याच्याच चुलीवर त्याच्याच वेलदोड्याचा चहा केला. त्याच्या बायकोने एक घोट घेतला, म्हणाली औषधासारखा लागतो. मग भरपूर साखर घालून मुलांनी संपवला. भाव विचारला तर नुसता हात हलवला त्याने. दलाल सांगेल तो.

वाळूजकर
नमस्कार मी वाळूजला बजाजमध्ये २९ वर्षे होतो आता निवृत्त. मुलाने आतितलान तळ्याजवळच्या गावातून फोटो पाठवला लाल रिक्षांची रांग. मी चाक बघूनच ओळखलं आपलीच. काचेवर स्पॅनिशमधे देवाचं काहीतरी लिहिलंय मुलगा म्हणाला देव माझा वाटाड्या. आपल्याकडे आई तुळजाभवानीची कृपा असतं तसंच. डोळे भरून आले हो. फोटो इथे कसा टाकायचा कुणी सांगेल का

पक्काभटक्या
काका, खाली चौकोनी चिन्ह दिसतंय ना, ते दाबा.

त्या रिक्षा पोरं काय चालवतात! दगडी चढावर हॉर्न दाबून धरायचा नि देवाचं नाव घ्यायचं. पण खरा थरार बसचा. अमेरिकेतल्या बाद झालेल्या पिवळ्या शाळेच्या बसगाड्या तिथे आणतात, नवं इंजिन घालतात, लाल-हिरवा-चंदेरी रंग आणि ठासून माणसं. दोघांच्या बाकावर तिघे, मधल्या जागेत चौथा दोन्हीकडे अर्धा अर्धा टेकलेला. क्लीनर धावत्या गाडीच्या टपावर चढून सामान सोडतो आणि मागच्या दाराने आत येतो. आमच्या साताऱ्याकडच्या वडापची आठवण झाली. माझं पाकीट तिथेच गेलं, ते सोडा. शेजारच्या आजींनी भाड्याचे पैसे दिले आणि वर उकडलेलं अंडं.

मिनूची_आई
आमच्या ऑफिसचं एक काम ग्वाटेमाला सिटीतून चालायचं. फोनवर समोरचा 'फीहेसे के...' म्हणाला की समजायचं, काम झालेलं नाही. शब्दशः 'बघा ना, की...', म्हणजे आपलं 'त्याचं काय झालं माहितेय का'. फीहेसे के, लाईट गेली. फीहेसे के, साहेब जेवायला गेले. आता घरी मिनूही वापरते. फीहेसे के, डबा शाळेत राहिला.

नदीकाठची
मिनूची आई, मेले हसून. आमच्या आजी नळाला पाणी आलं नाही की नळाच्या वतीने म्हणायच्या, 'फीहेसे के...'

दुपारचीझोप
२०१२ चा डिसेंबर म्हणालीस! म्हणजे माया कॅलेंडर संपतंय म्हणून जी जगबुडी होणार होती, तिला तू घटनास्थळी? आमच्या टीव्हीवर रोज उलटी मोजणी चालली होती.

नदीकाठची
होते ना. २१ डिसेंबरला आजींना भीत भीत विचारलं. त्या घेवडा निवडत होत्या. म्हणाल्या, जग संपणार म्हणून शनिवारचे तामाल (पानात गुंडाळून वाफवलेले मक्याचे गोळे) करायचे नाहीत की काय? त्यांच्या मोजणीतला एक मोठा टप्पा पुरा झाला, दुसरा लागला. दिवाळीत वही बदलतो ना, तसंच. रोजच्याला त्या २६० दिवसांचं चक्र पाळायच्या, २० दिवसनावं आणि १३ आकडे एकमेकांत फिरत जातात. नातवाचं नाव ठेवायच्या आधी दिवस मोजणाऱ्याला विचारून आल्या, आणि रविवारी चर्चमध्येही पहिल्या बाकावर.

शनिवारी तामाल विकणाऱ्या घरांबाहेर लाल दिवा लावतात. पहिल्या आठवड्यात मी भलताच अर्थ लावून रस्ता बदलला होता, हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

गप्पबसणारी
लिहू की नको करत होते. २००७ मध्ये एका आरोग्य प्रकल्पासाठी नेबाहला होते, इशिल या माया लोकांचा डोंगराळ भाग. तिथल्या बायकांचं नेसूचं, कोर्ते, लालभडक असतं. वर हाताने विणलेला विपील, म्हणजे पोलकं. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं विणणारीच्या कंबरेला, म्हणजे ती मागे रेलली की ताण येतो. प्रत्येक गावाची वीण निराळी, अंगावरच्या कपड्यावरून गाव कळतं.

माझ्याबरोबर काम करणारी दुभाषी बाई कायम स्वेटर-स्कर्टमध्ये. मी एकदा सहज म्हटलं, तू नाही का घालत? बऱ्याच वेळाने म्हणाली, १९८२ मध्ये पळताना आईने सगळ्यांचे विपील काढून जंगलात पुरले. वीण पाहून सैनिकांना गाव कळलं असतं. तिथलं ३६ वर्षांचं यादवी युद्ध, १९९६ ला करार. दोन लाखांहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, आणि सत्यशोधन आयोगाने ओळख पटवलेल्यांपैकी ८३ टक्के माया होते. हे आकडे मला आधीच पाठ होते. तो पुरलेला कपडा डोक्यातून जात नाही.

सासुरवाडीकर
बाप रे.

पैठणीप्रेमी
खूप सुंदर लिहिलंय. विपील साधारण कितीला पडतो? रंग जातो का धुतल्यावर?

पक्काभटक्या
ताई, वरचं वाचलंत का पूर्ण?

गप्पबसणारी
असू दे हो. चांगल्या विपीलला काही महिने लागतात, त्यामुळे स्वस्त दिसला तर तो छापील समजा. विणणारीकडूनच घ्या आणि घासाघीस करू नका. पहिल्या धुण्याला थंड पाणी, वेगळा धुवा.

चिकूवाडी
थोडं अवांतर. डहाणूची आहे, वाडीत वाढले. चिकू आपलाच समजत होते. तिकाल हे ग्वाटेमालातलं जुनं माया शहर पाहायला गेले तर गाईडने जंगलातलं झाड दाखवलं. पान चोळलं, वास घेतला, म्हटलं अरे हा तर चिकू! मूळ घर त्याचं तिकडचं. त्याच्या चिकापासून पूर्वी च्युइंगम करायचे, आणि तिकालच्या देवळांच्या दारांवरच्या कोरीव तुळया चिकूच्याच लाकडाच्या, हजार वर्षांहून जुन्या. बाबांना फोन केला. त्यांना एवढंच हवं होतं, 'फळ केवढं धरतं तिथे?'

नदीकाठची
चिकूवाडी, पिरॅमिड नको म्हटलं होतं, पण चिकूला माफ!

सासुरवाडीकर
तो चुन्याचा मका घरी करायचाय. पानपट्टीवरचा चुना चालेल?

नदीकाठची
चालेल. खायचाच घ्या, रंगाचा अजिबात नको. किलोभर सुक्या मक्याला दहा ग्रॅमच्या आसपास. आणि सकाळी नीट धुवा, नाहीतर कडवट लागतो.

सासुरवाडीकर
स्वीट कॉर्न घातलाय भिजत.

नदीकाठची
अहो काढा तो आधी!